‘झेडॉक द प्रीस्ट’ : नेहमी विचारले जाणारे प्रश्न, आणि पहिली दीड मिनिटं पळवू नका म्हणून विनंती

मी पुण्यात एका हौशी क्वायरमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या समूहगायनाच्या ग्रुपमध्ये, बेस गातो, म्हणजे खालच्या पट्टीतले जे चार-पाच जण मागे उभे असतात त्यातला एक. आम्ही हँडल ह्या अठराव्या शतकातल्या संगीतकाराचं हे गाणं बसवलं तेव्हापासून घरचे, ऑफिसातले, शाळेच्या ग्रुपवरचे सगळे तेच तेच प्रश्न विचारतायत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, क्रमबिम काही लावलेला नाही.

हे चॅम्पियन्स लीगचं गाणं आहे ना?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. माझा भाचा कोल्हापूरचा, तिकडे पेठेपेठेत फुटबॉल, त्यामुळे रात्री साडेबाराला किंवा दीडला उठून मॅच बघणं त्याला काही नवीन नाही. मी रियाजाला रेकॉर्डिंग लावलं आणि तो आतल्या खोलीतून ओरडत आला, मामा, हे तर चॅम्पियन्स लीग!

तर नाही, पण अगदीच चूक पण नाही. टोनी ब्रिटन नावाच्या इंग्लिश संगीतकाराने १९९२ मध्ये युएफासाठी, म्हणजे चॅम्पियन्स लीग भरवणाऱ्या युरोपच्या फुटबॉल संघटनेसाठी, जे अँथम केलं ते ह्या गाण्यावरूनच. व्हायोलिनचं ते वर चढत जाणं आणि मग सगळ्यांनी एकदम दणक्यात उठणं, हे हँडलचं. इंग्लिश, फ्रेंच, जर्मन अशा तीन भाषांतले शब्द, म्हणजे ते ‘द चॅम्पियन्स’ वगैरे, ते नवीन. मूळ गाणं १७२७ चं आहे आणि त्यात बॉलचा काही संबंध नाही, राजाच्या डोक्याला तेल लावायचा आहे.

तेल?

हो, तेल. आपल्याकडे राज्याभिषेक म्हटलं की पाणी, सात नद्यांचं वगैरे. ज्यूंच्या जुन्या परंपरेत आणि तिथून पुढे ख्रिश्चन राजांच्यात अभिषेक तेलाने करतात. इंग्लंडचा राज्याभिषेक म्हणजे लोकांना मुकुट आठवतो, पण चर्चच्या दृष्टीने त्यातली सगळ्यात पवित्र गोष्ट हा तेलाचा अभिषेक. आर्चबिशप बाराव्या शतकातल्या एका चमच्यात तेल घेतो आणि राजाच्या हातांना, छातीला, डोक्याला लावतो. हे कुणाला दाखवत नाहीत. १९५३ ला राणी एलिझाबेथच्या वेळी टीव्ही आला होता पण त्या मिनिटाला कॅमेरा नको म्हणून सांगितलेलं आणि वर छत धरलेलं, २०२३ ला चार्ल्सच्या वेळी तर तीन बाजूंनी पडदेच उभे केले.

म्हणजे बघा, सगळ्यात महत्त्वाचं जे आहे ते दिसतच नाही, फक्त ऐकू येतं. आणि जे ऐकू येतं ते हे गाणं. माझ्या मते हँडलला हे पक्कं कळलं होतं.

अँथम म्हणजे राष्ट्रगीत ना?

आत्ता तसं म्हणतात, पण मुळात अँथम म्हणजे इंग्लंडच्या चर्चमध्ये उपासनेच्या वेळी क्वायरने गायचं इंग्लिश भाषेतलं गाणं. शब्द बहुतेक वेळा बायबलमधले असतात. चर्चमध्ये सगळी मंडळी मिळून जे गाते, आपल्याकडच्या मराठी चर्चमध्ये जसं सगळे उपासना-संगीताचं पुस्तक उघडून गातात, ते वेगळं, त्याला हिम म्हणतात. अँथम बसलेल्यांनी ऐकायचं असतं, ते तयारीच्या गायकांचं काम. कॅथलिक लोकांत ह्याच्या जवळपासचं म्हणजे मोटेट, गोव्यात चाळीस दिवसांच्या उपासाच्या काळात जे मोटेट गातात ते ऐकलं असेल तर अंदाज येईल, जरी बाज पूर्ण वेगळा आहे.

आणि अजून एक गोंधळ. ह्या गाण्यात ‘गॉड सेव्ह द किंग’ हे शब्द येतात म्हणून लोकांना वाटतं हेच त्यांचं राष्ट्रगीत. नाही. ते राष्ट्रगीत लंडनच्या थिएटरांमधून गाजायला लागलं १७४५ मध्ये, हे गाणं त्याच्या अठरा वर्षं आधीचं. चालीचाही काही संबंध नाही.

हा झेडॉक कोण?

मराठी बायबलमध्ये सादोक याजक. ‘१ राजे’ ह्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात गोष्ट आहे आणि गोष्ट मस्त आहे, एकदम दरबारी राजकारण. दावीद राजा म्हातारा झालाय, अंथरुणाला खिळलाय, पांघरुणं घातली तरी ऊब येत नाही. तेवढ्यात त्याचा एक मुलगा अदोनीया परस्पर मेजवानी ठेवून स्वतःला राजा म्हणवून घ्यायला लागतो. मग नाथान संदेष्टा आणि बथशेबा दोघं जाऊन दावीदाच्या कानावर घालतात की अहो तुम्ही तर शलमोनाला शब्द दिला होता. दावीद म्हणतो, शलमोनाला माझ्या स्वतःच्या खेचरावर बसवा, खाली गीहोनच्या झऱ्यावर न्या आणि तिथे अभिषेक करा. सादोक तेलाने भरलेलं शिंग आणतो, अभिषेक करतो, कर्णे वाजतात, आणि लोक इतका जल्लोष करतात की जमीन दणाणते. तो आवाज तिकडे अदोनीयाच्या मेजवानीपर्यंत पोचतो. जेवणारे विचारतात हा कसला गलका, आणि कळल्यावर एकेक पाहुणा उठून काढता पाय घेतो.

गाण्यात ह्यातलं काहीच नाही हं! गाण्यात फक्त एवढंच की सादोक याजकाने आणि नाथान संदेष्ट्याने शलमोनाला राजा म्हणून अभिषेक केला, आणि सगळ्या लोकांनी आनंद केला, आणि म्हणाले देव राजाला राखो, राजा चिरायू होवो, राजा सदासर्वकाळ जगो. आमेन, आलेलुया. संपलं. कर्ण्यांचा उल्लेख तर हँडलने घेतलेल्या शब्दांत नाहीच, पण ट्रम्पेट ऐका, ते बरोबर वाजतात.

हे शब्द पण हँडलने शोधलेले नाहीत. इंग्लंडमध्ये ९७३ साली बाथ ह्या गावी एडगर राजाचा राज्याभिषेक झाला तेव्हापासून हेच शब्द म्हणत आलेत, आधी लॅटिनमध्ये. १६६१ ला दुसऱ्या चार्ल्सच्या वेळी हेन्री लॉझने ह्यांनाच चाल लावली होती. हँडलनंतर मात्र दुसऱ्या कुणाची चाल टिकली नाही.

गाणं सुरूच होत नाही. माझं नेट अडकलंय की असंच आहे?

असंच आहे. आणि हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

सुरुवातीला बावीस बार नुसता वाद्यवृंद वाजतो. एक बार म्हणजे इथे चार मात्रांचं एक आवर्तन समजा. वेळेत मोजलं तर साधारण दीड मिनिट, कंडक्टर धीराचा असेल तर थोडं जास्तच. तुलनेला त्याच हँडलचा ‘हॅलेलुया’ घ्या, तिथे तीन बार झाले की क्वायर सुरू. इथे बावीस!

आणि ह्या बावीसात धुनही नाही. गुणगुणून दाखवा म्हटलं तर काही गुणगुणता येत नाही. वरच्या व्हायोलिनी कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या जोडणीचे, सूर सुटे करून एकामागे एक खालून वर, खालून वर असे वाजवत राहतात, हार्मोनियमवर सा-ग-प-सां जलद फिरवा तसं. खाली बाकीचे एकसारखे ठोके देत राहतात, नाडीसारखे. एवढंच. बदलतात त्या फक्त कॉर्ड, त्या सावकाश सरकतात, मधेच जरा ढग आल्यासारखं होतं, आता घरी पोचलो असं वाटतं आणि नाही, अजून एक वळण. हँडलने इथे व्हायोलिनचे नेहमीच्या दोनाऐवजी तीन गट केलेत, त्यामुळे मधला भाग असा दाट, साय धरल्यासारखा ऐकू येतो.

आता ह्यातली गंमत बघा, की ट्रम्पेट आणि नगारे सगळे समोर बसलेत पण एकही वाजत नाही. तीन ट्रम्पेटवाले मांडीवर ट्रम्पेट ठेवून बसलेत. क्वायर उभी आहे, तोंड बंद. तुम्हाला दिसतंय की हे सगळे कधीतरी वाजणार, आणि ते वाजत नाहीयेत. मग तेविसाव्या बारला क्वायर सात आवाजांत, तिन्ही ट्रम्पेट, नगारे, सगळं एकाच ठोक्यावर. ‘झेडॉक!’ म्हणून जो आवाज होतो तो ऐकून पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला नव्हता, मी दचकलो होतो, खरंच.

आणि तो आवाज काही फार मोठा नसतो हो. चाळीस-पन्नास माणसं ओरडून किती ओरडणार. तो मोठा वाटतो कारण दीड मिनिट तुम्हाला दिला नव्हता. म्हणून ज्यांनी मला व्हॉट्सॲपवर ‘बेस्ट पार्ट’ म्हणून थेट क्वायरपासून कापलेली वीस सेकंदांची क्लिप पाठवली त्यांना प्रेमाने सांगतो, त्या क्लिपमध्ये गाणं नाहीये. जे आहे ते कापून टाकलंत.

गाणाऱ्यांना ते दीड मिनिट कसं वाटतं?

भयंकर. आपण काहीच करत नसतो आणि आपल्याला माहीत असतं की पुढचा सूर पूर्ण ताकदीने, बरोबर जागी, कुठल्याही आधाराशिवाय लावायचाय. सगळे बोटांवर मोजतात. कागदाच्या मागे हात लपवून, एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. आमच्या सरांनी बजावलं होतं की मोजू नका, ऐका, कॉर्ड कुठे चाललीय ते कळलं की जागा आपोआप कळते. मी पठ्ठ्या मोजत बसलो, तेरावा बार दोनदा मोजला की चौदावा खाल्ला देव जाणे, आणि एका तालमीत एक बार आधीच ‘झे’ असं मोठ्यांदा. एकटा. बाकी हॉलमध्ये शांतता आणि व्हायोलिन. सोप्रानोवाल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पट्टीत गाणाऱ्या, मुली अजून मला ‘झे’ म्हणतात.

आता मी ऐकतो.

बारोक म्हणजे नक्की काय?

युरोपच्या संगीतातला साधारण १६०० ते १७५० हा काळ. बाख, विवाल्दी, हँडल, इंग्लंडात पर्सेल. खाली एक बेसची ओळ अखंड चालू आणि तिच्यावर ऑर्गन किंवा हार्प्सिकॉर्डवाला त्या त्या वेळी कॉर्ड भरणार, एका तुकड्यात एकच भाव धरून ठेवणार, आणि सजावटीची हौस. एवढं पुरे, बाकी गूगलवर ढीगभर आहे.

पट्टी कोणती? हार्मोनियमवर धरता येईल का?

डी मेजर, म्हणजे पांढरी दोनचा सा आणि सगळे स्वर शुद्ध. पण एक गंमत सांगतो. जुन्या पद्धतीची वाद्यं घेऊन वाजवणारे जे ग्रुप आहेत ते बहुतेक वेळा अख्खी पट्टीच अर्ध्या सुराने खाली ठेवतात. त्यांचं रेकॉर्डिंग लावून तुम्ही पांढरी दोन धराल तर जुळणार नाही, काळी एक धरा. मी एक संध्याकाळ पेटी बिघडली म्हणून हैराण होतो.

पांढरी दोनच का, ह्याला पण कारण आहे. तेव्हाच्या ट्रम्पेटला कळा नव्हत्या. आपल्या तुतारीसारखं, एक साधी लांब नळी, फुंकीवर आणि ओठांवर जे नैसर्गिक सूर निघतील तेच, बाकीचे नाहीत. त्यामुळे ट्रम्पेट ज्या पट्टीचं त्याच पट्टीत गाणं बांधावं लागायचं, आणि इंग्लंडात ही ट्रम्पेटं डीची असायची. म्हणून राजेशाही, जल्लोष, विजय असलं काही आलं की डी मेजर. ‘हॅलेलुया’ पण त्यातच. सोबतचे नगारे, टिंपानी म्हणतात त्यांना, ते आपल्या नगाऱ्याच्याच घराण्यातले, दोनच असतात आणि लावायचे सा आणि खालचा प.

मधेच गाणं बदलतं का? मला एकदम नाचल्यासारखं वाटलं.

बरोबर वाटलं. तीन भाग आहेत. पहिला तो चार मात्रांचा संथ. ‘सादोकाने आणि नाथानाने अभिषेक केला’ एवढं वाक्य क्वायर एकदाच ठाशीव गाते आणि विषय संपला, एवढी वाट बघून जेमतेम अर्धं मिनिट! मग दुसरा भाग, ‘आणि सगळ्या लोकांनी आनंद केला’, तो तीन मात्रांत, लंगडत-उड्या मारत चालणारी लय, चक्क नाचाची. चर्चमध्ये, आर्चबिशपच्या समोर. शब्द लोकांचे आहेत म्हणून चाल लोकांची, सोपा हिशोब.

तिसरा भाग ‘गॉड सेव्ह द किंग’. पुन्हा चार मात्रा. इथे सगळे आवाज एकदम एकच अक्षर म्हणतात, घोषणा दिल्यासारखं, गॉड, सेव्ह, द, किंग. मग ‘लाँग लिव्ह द किंग’. मधल्या मोकळ्या जागा ट्रम्पेट आणि नगारे भरतात. कुठे काही गुंतागुंत नाही, बहिऱ्यालाही शब्द कळावेत.

आणि मग आमेन सुरू होतं, तिथे आमची वाट.

का, आमेनमध्ये काय आहे?

ताना. सरळ सांगायचं तर आकारातल्या ताना. ‘आ’ वर एका मात्रेत चार सूर अशी लांबलचक धाव, आणि ती एका आवाजाकडून दुसऱ्याकडे जाते, बाकीचे तेव्हा ‘आमेन, आमेन’ असे तुटक ठोके देत असतात. वरून खाली मोजलं तर सोप्रानो, आल्टो, टेनर आणि आम्ही बेस, सगळ्यांच्या वाट्याला येते. बायकांच्या गळ्यातून ती तान मोत्यासारखी येते. बेसमध्ये तीच तान म्हणजे जिन्यावरून पिंप सोडल्यासारखी, निदान आमच्या ग्रुपमध्ये तरी.

आमच्यात एक काका आहेत, आधी बरीच वर्षं शास्त्रीय शिकलेले, त्यांना वाटलं होतं की हे आपल्याला सोपं जाणार. तान येते हो त्यांना, आमच्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ. पण आपल्याकडे तान घेताना तबलजी आपल्याला सांभाळून घेतो, जरा रेंगाळलं, समेवर उडी मारून आलं, तर दाद मिळते. इथे तुमच्याबरोबर अजून तीन-चार जण तीच तान घेतायत आणि प्रत्येक सूर सगळ्यांचा एकाच क्षणी पडला पाहिजे. काकांना दोन महिने लागले स्वतःला आवरायला. त्यांनी शेवटी त्यावर उपाय काढला तो म्हणजे तान अर्ध्या लयीत ‘ना-ना-ना’ करून घोकायची, मग ‘आ’वर, मग दुपटीत. आता सगळा बेस सेक्शन तसंच करतो.

शेवटी सगळं एकदम थांबतं, आणि ‘आलेलुया’ हा शब्द एकदम संथ, रुंद करून म्हणतात. तो शेवट म वरून सा वर येतो, चर्चमध्ये साधं ‘आमेन’ म्हणताना जसा येतो तसा. एवढ्या फटाक्यांनंतर समई लावल्यासारखा.

हँडल तर जर्मन होता, मग इंग्लंडच्या राजाचं काम त्याला कसं?

राजाही जर्मनच होता की! हँडलचा जन्म १६८५ चा, हाले गावचा. आधी हानोव्हरच्या दरबारात नोकरी, मग लंडनला गेला आणि तिथेच रमला. मागाहून त्याचा तो हानोव्हरचा मालकच पहिला जॉर्ज म्हणून इंग्लंडच्या गादीवर येऊन बसला. फेब्रुवारी १७२७ मध्ये पार्लमेंटने कायदा करून हँडलला ब्रिटिश नागरिक केलं, जूनमध्ये पहिला जॉर्ज वारला, आणि त्याचा मुलगा दुसरा जॉर्ज आणि राणी कॅरोलाइन ह्यांचा राज्याभिषेक ऑक्टोबरात ठरला.

रीतीप्रमाणे हे काम राजाच्या चॅपलच्या अधिकृत संगीतकाराचं. विल्यम क्रॉफ्ट होता तो, पण तो ऑगस्टमध्येच गेला. त्याच्या जागी मॉरिस ग्रीन आला, त्याला वाटत असणार की आता आपल्यालाच. पण राजाने हँडलला सांगितलं. हाताशी जेमतेम महिना, आणि त्यात चार अँथम लिहिली, त्यातलं हे एक. बाकीच्या तिघांची नावं ‘लेट दाय हँड बी स्ट्रेंग्थन्ड’, ‘द किंग शॅल रिजॉइस’ आणि ‘माय हार्ट इज इंडायटिंग’. शेवटचं राणीसाठीचं आहे, फार नाजूक आहे, ते ऐकाच.

एक किस्सा नेहमी सांगतात, बर्नी नावाच्या संगीताच्या इतिहासकाराने नंतर लिहून ठेवलेला, की बिशप लोकांनी हँडलला शब्द पाठवले तर हा चिडला, म्हणाला मी बायबल नीट वाचलेलं आहे, माझे शब्द मी निवडीन. स्वभाव बघता खरं असायला हरकत नाही.

पहिल्यांदा गायलं तेव्हा कसं झालं?

गोंधळ झाला! ११ ऑक्टोबर १७२७, वेस्टमिन्स्टर ॲबी. खरं तर ४ तारीख ठरली होती पण थेम्सला मोठी भरती येऊन वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये पाणी शिरेल ह्या भीतीने आठवडाभर पुढे ढकललं, मुंबईकरांनी हे वाचून मान डोलवावी. तेव्हाच्या पेपरांत आलं होतं की गाणारे चाळीस आणि वाजवणारे सुमारे एकशेसाठ. म्हणजे एका गाणाऱ्यामागे चार वाद्यं. माईक नाही.

आर्चबिशप विल्यम वेकने कार्यक्रमपत्रिकेच्या स्वतःच्या प्रतीवर शेरे मारून ठेवलेत, त्यात एका अँथमपाशी सगळा गोंधळ, संगीत सगळं अव्यवस्थित अशा अर्थाचा शेरा आहे. आमची कुठली तालीम फिसकटली की आमच्या सरांना मी हे ऐकवतो. त्यांना ते विशेष आवडत नाही.

दर राज्याभिषेकाला हेच गातात?

हो, १७२७ पासून एकही चुकलेला नाही, २०२३ चा धरून दहा झाले. (आठव्या एडवर्डचा मोजू नका, तो अभिषेकाआधीच गादी सोडून गेला.) राणी असेल तर ‘किंग’च्या जागी ‘क्वीन’ म्हणतात, दोन्ही एकेक अक्षराचेच शब्द त्यामुळे चालीला धक्का लागत नाही.

आपल्याकडे ह्याचा काही संबंध?

ओढूनताणून जोडायला मला आवडत नाही. एवढंच सांगतो की ज्या चर्चवरून चर्चगेट हे नाव पडलं, मुंबईतल्या फोर्टमधलं सेंट थॉमस, ते १७१८ च्या नाताळात सुरू झालं, म्हणजे हे गाणं लिहिलं गेलं त्याच्या नऊ वर्षं आधी, आणि ते तेव्हा ह्याच इंग्लंडच्या चर्चच्या, म्हणजे अँग्लिकन, पंथाचं होतं. बाकी मुंबईत, पुण्यात, गोव्यात क्वायर आहेत, हौशीही आणि चांगल्या तयारीच्याही, तिकडे कार्यक्रम असतात, तिकीट पिक्चरपेक्षा महाग नसतं.

आम्ही ख्रिश्चन नाही, ऐकलं तर चालतं का?

आमच्या क्वायरमध्ये अर्ध्याहून जास्त लोक ख्रिश्चन नाहीत. आम्ही चर्चमध्ये गातो, बाहेर चपला काढायच्या का ह्यावर दरवेळी चर्चा होते (नसतात काढायच्या), नंतर सगळे मिळून मिसळ खायला जातो. अभंग ऐकायला वारकरी असावं लागत नाही तसंच.

उभं राहायचं का?

नाही. ती प्रथा ‘हॅलेलुया’ची. इथे बसा निवांत.

कुठलं रेकॉर्डिंग ऐकू?

दोन ऐका, पाठोपाठ. एक केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचं डेव्हिड विलकॉक्सचं, १९६० च्या दशकातलं. वाद्यं आजची, चाल भारदस्त, गजगामिनी. दुसरं वेस्टमिन्स्टर ॲबीच्या क्वायरचं, सायमन प्रेस्टन कंडक्टर आणि सोबत इंग्लिश कॉन्सर्ट हा जुन्या वाद्यांचा ग्रुप. हे काळी एकवालं. ट्रम्पेटचा आवाज इथे चकचकीत नाही, जरा खरखरीत, पितळी, आणि नगारे कोरडे वाजतात. मला दुसरं जवळचं. भारदस्तपणा कधी कधी नुसता वजनदारपणा होतो.

फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, सुरुवातीचे ते खालचे ठोके त्यात येतच नाहीत, आणि मग नुसत्या व्हायोलिनी ऐकून तुम्ही मला विचारणार की नेट अडकलंय का.

लग्नात नवरीच्या एंट्रीला लावता येईल का?

हा प्रश्न खरंच आला, तोही दोनदा. शब्द राजाचे आहेत पण ते कोण ऐकतंय, लावा. फक्त हिशोब करा. नवरीने दिसायचं ते तेविसाव्या बारला, म्हणजे दीड मिनिट कुणीच दिसायचं नाही, दार बंद, लाईट कमी, नुसत्या व्हायोलिनी. आमच्या नात्यातल्या एका रिसेप्शनला हे करून बघितलं. मी साऊंडवाल्या दादांना तीनदा समजावलं होतं की सुरुवातीला काही होणार नाही, हात लावू नका. विसाव्या-एकविसाव्या बारपर्यंत सगळं झकास चाललं होतं, आमचे काका कोपऱ्यात उभे राहून श्वास घेऊन तयार, आणि तेवढ्यात नवरीच्या मावशी स्टेजवरून म्हणाल्या, अहो गाणं अडकलंय वाटतं, पुढे ढकला ना जरा.

त्यांनी ढकललं. नवरी ‘आमेन’वर आली.